दोन किलोचं माप

नानासोंच्या पिशवीत एक लोखंडी माप असायचं, दोन किलोचं. वडिलांचं गुऱ्हाळ होतं तेव्हापासूनचं, बुडाला सरकारी शिक्का मारलेलं. शिराळ्याच्या बाजाराला जाताना लोक पिशवीत छत्री टाकतात, भाकरी टाकतात. हा गडी माप टाकायचा. भाजीवाल्यासमोर उकिडवं बसायचं, एक शब्द न बोलता माप त्याच्या पारड्यात ठेवायचं आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं. निम्मे भाजीवाले त्यांना लांबून बघितल्यावरच चार मिरच्या जास्त घालायचे. ऊस कारखान्याला जायचा तेव्हा तर विचारूच नका. गाडी आधी बाहेरच्या काट्यावर, मग कारखान्याच्या काट्यावर, आणि दोन्हीत फरक निघाला की हे रस्त्यात आडवे. एकदा अशा दुपारपर्यंत गाड्या थांबवून धरल्या, तेव्हापासून पंचक्रोशीत नाव पडलं ते पडलंच, काटेवाले नाना. त्यांच्या बायकोला, साळूबाईला, आधी ह्या नावाची लाज वाटायची. पुढं पुढं मात्र बाजारात कुणी 'काटेवाल्यांच्या मालकीणबाई' म्हटलं की ती पदर नीट करून हळूच हसायची.

आणि अशा माणसाच्या घरात त्याच्याच पोरानं काटा आणून ठेवला!

झालं असं, की नानासोंचं काळीज मोठं झालं. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजाचा जोर कमी पडतोय, अंगात पाणी साठतंय. मीठ कमी, गोळ्या वेळेवर, आणि रोज सकाळी वजन. दोन दिवसांत वजन वाढलं तर ती चरबी नव्हे, ते पाणी. पाणी वाढलं की धावत दवाखाना गाठायचा. साळूबाईनं ऐकून घेतलं आणि मनात म्हणाली, देवा, जन्मभर ह्यांनी दुसऱ्याची वजनं केली, आता ह्यांचं करायची पाळी आली.

पोरगा जयराज, एकुलता एक. सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट, बायको शिवांजली, दारात गाडी. गावापासून दीड तासाची वाट. नोकरीही बघा कशी, एका कंपनीत. ती कंपनी दवाखान्यांना यंत्रं देते. रोगी आपल्या घरात, यंत्र रोग्याच्या पायाखाली, आणि आकडे विश्रामबागेतल्या हाफिसात संगणकासमोर बसलेल्या पोरींपुढं. आकडा बिघडला की लाल, बरा असला की हिरवा. लाल झाला की पोरी फोन करणार. जयराज ही यंत्रं खपवायच्या खात्याचा साहेब. एका रविवारी तो खोकं घेऊन आला आणि माजघरात फरशीवर एक काळी काच मांडली, पाटाएवढी.

नानासो तिच्याभोवती एक फेरी मारून आले. वाकून बघितलं. मग विचारलं, "आकडा कुटं दिसतो रं?"

"आकडा हितं न्हाई दिसत, नाना. माझ्या मोबाइलवर दिसतो आन ऑफिसात."

"म्हंजी वजन माजं आन आकडा तुला?"

"तुम्हाला बघून काय करायचंय? उगा घाबरतासा. वाढलं तर आम्हीच फोन करू."

"ह्ये तर कारखान्यावानीच झालं की," नानासो म्हणाले आणि पिशवीतलं माप आणायला उठले. जयराज हसला, म्हणाला, हे तसलं न्हाई नाना, ह्यात कुणाचा हात लागत न्हाई. मग त्यानं बापाला काचेवर उभं केलं, हसायला लावलं आणि त्याची फिल्म काढली. पुढं ती फिल्म दवाखान्या-दवाखान्यांत दाखवायला लागले. खाली अक्षरं, 'तुम्ही कुठंही, लक्ष बाबांवर'. शिवांजलीनं ती साळूबाईला मोबाइलवर दाखवली. नवरा डोक्याला पटका बांधून असा हसत उभा, जसा काय लग्नात.

काटा यायच्या आधी जयराज दर पंधरवड्याला गावी यायचा. बापाला गाडीत घालायचा, कराडला दाखवून आणायचा, येताना आईसाठी वडे बांधून घ्यायचा. काटा आला आणि पोराचं येणं थांबलं. साळूबाईनं विचारलं तर म्हणायचा, "आई, येऊन काय करू? मला रोज दिसतंय की सगळं. नाना एकदम फिट हायत." नागपंचमीला सगळं शिराळं माणसांनी फुलून गेलं, आजूबाजूच्या घरांत पावणेरावळे आले. साळूबाईनं पोरासाठी पुरणाची दिंडं करून ठेवली आणि ती दुसऱ्या दिवशी म्हशीला घातली.

एकदा भावकीतल्या जेवणात नानासोंनी लोणचं चापून खाल्लं. दोन दिवसांत काटा लाल झाला. आणि काय सांगायचं, दोन तासांत दारात गाडी! जयराजनं गोळ्या आणल्या, बापाचे पाय दाबून बघितले, दिवसभर शेजारी बसला, दोघांनी मिळून जुन्या गुऱ्हाळाच्या गप्पा मारल्या. संध्याकाळी तो गेला तेव्हा नानासो दारात लय वेळ उभे होते. साळूबाईला तेव्हाच कळायला हवं होतं. तिला वाटलं, वारा खातायत.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी काटा परत लाल. परत जयराज आला, पण तासभरच. परत लाल, तेव्हा नुसता फोन. परत लाल, तेव्हा फोनवर ओरडला. साळूबाई शेजारीच होती, तिनं सगळं ऐकलं.

"काय खातासा नाना तुमी? हितं मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई. मोठा साहेब म्हणतो, जगाला मशीन विकतोस आन तुझ्या सोताच्या बापाचा काटा रोज बोंबलतोय! पाय सुजलेत का?"

"न्हाईत."

"धाप?"

"न्हाई बा."

"मग मशीनच बिघडलंय. बघतो मी काय ते."

गावाकडं कुणी आलं नाही, त्या काचेला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लाल व्हायचं थांबलं. रोज हिरवं.

नानासो मात्र दोन-तीन दिवस भ्रमिष्टासारखे वागायला लागले. सकाळी वजन करायचं तर दार आतून लावून घ्यायचे. बाहेर येऊन ओट्यावर बसायचे, मोबाइल मांडीवर. फोन यायचा नाही. "वाजत न्हाई गं," म्हणायचे. "कुणाचा यायचाय?" साळूबाई विचारायची, तर मोबाइल उलटासुलटा करून बघायचे. चौथ्या दिवशी साळूबाईनं दाराला खांदा दिला. कडी जुनी, निघाली.

काचेवर नवरा उभा. खांद्यावरून घोंगडी, आणि घोंगडीच्या आत दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं ते दोन किलोचं माप.

तिला आधी काही सुचेना. मग सुचलं ते तोंडाला येईल तसं सुचलं. "आवं, लाज न्हाई वाटत? आख्ख्या जन्मात लोकांचा काटा धरलासा! कारखान्याच्या काट्यावरल्या त्या बबन कारकुनाला भर रस्त्यात चोर म्हणालासा! आन ह्ये काय? सोताच्या घरात, सोताच्या पोराला काटा मारतासा?"

नानासो काचेवरून खाली उतरले नाहीत. तिथंच उभ्या उभ्या म्हणाले, "तेवढ्यापुरतं तरी येतंय गं पोरगं."

 साळूबाईचा राग मोठा होता, आणि रागापेक्षा भीती मोठी. हे बाहेर फुटलं तर? काटेवाले नाना काटा मारतात, ही गोष्ट चावडीवर किती दिवस पुरेल? लोक ह्यांच्या अंगावर थुंकतील. तिनं माप हातातून ओढून घेतलं, आत जाऊन ज्वारीच्या कणगीत पार तळाशी खुपसलं आणि नवऱ्याला बिरोबाची आण घातली, पुन्हा असलं करणार नाही म्हणून.

"घेतली आण," नानासो म्हणाले. "पर त्याला सांगू नगंस. माज्या पोराच्या नजरंत तरी ऱ्हाऊ दे मला."

"न्हाई सांगत," ती म्हणाली. आणि खरंच नाही सांगितलं. असली कसली बाई, म्हणाल तुम्ही. पण नवऱ्याची अब्रू पोरापासूनसुद्धा झाकायची, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईनं.

दुसऱ्या दिवशी जयराजचा फोन. आवाज कसा खुशीतला! "आई, नानांचं वजन एकदम उतरलं बघ. अंगातलं पाणी गेलं. म्हटलं नव्हतं? असंच चालू ठेवा." साळूबाईनं मनात बिरोबाला नारळ कबूल केला. खरेपणानं वागलं की देव बघतो, असं तिला वाटलं. कसलं काय!

पंधरवडा गेला असेल नसेल, नानासोंची चप्पल पायात जाईना. साळूबाईनं अंगठ्यानं घोटा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. मग त्यांना आडवं झोपवेना. भिंतीला टेकून, मागं दोन उशा घेऊन बसायचे. परसदारी जाऊन यायचं तर वाटेत दोनदा थांबायचे. रोज सकाळी काचेवर उभे राहायचे ते मात्र चुकवलं नाही, रिकाम्या हातांनी, आण पाळून.

तिनं हाफिसला फोन लावला. कीर्ती नावाची पोर बोलली, गोड आवाजाची.

"पेशंटचं नाव सांगा, आजी."

आता आली का पंचाईत? साळूबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. "जयराजसायबाचं वडील," ती म्हणाली.

"अच्छा, सरांचे बाबा! थांबा हं, बघते. आजी, सगळं नॉर्मल आहे. वजन अगदी लिमिटमध्ये. आज पण हिरवंच आहे."

"बाई, पाय डेऱ्यागत झाल्यात गं."

"बसून बसून सुजतात, आजी. वजन वाढलं असतं तर आम्हाला लगेच दिसलं असतं. सरांना कळवते मी."

साहेबांना कळवलं की नाही देव जाणे. संध्याकाळी तिनंच जयराजला लावला. तो गाडीत होता, कुठल्याशा दवाखान्याकडं निघालेला.

"आई, मी आत्ताच बघितलं. हिरवं हाय."

"हिरवं आसंल रं. मी तांबडं-हिरवं न्हाई बघत, मी त्यांचं पाय बघतीया. तू ये."

"वजन लिमिटच्या वर गेलेलं न्हाई तर पाणी कुठनं येणार? उगा मनाचे खेळ करू नको. उद्या व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवू, झालं?"

त्या वेळी साळूबाईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की बाबा रं, त्या काट्याचं काय खरं धरू नगंस, तुझ्या बापानं त्यात असं असं केलंय. आलं आणि तिनं गिळलं. समोर भिंतीला टेकून नवरा बसला होता, तिच्याकडं बघत, मान हलवत, नको म्हणत. आणि तिला वाटलं, आता कशाला सांगायचं? आता तर माप कणगीत आहे. आता तर काटा खरंच बोलतोय.

सकाळी ओठ निळसर दिसले आणि ती कुणाला फोन-बीन करायच्या भानगडीत पडली नाही. शेजारच्या बिरदेवची जीप होती. त्यानं आणि तिनं मिळून नानासोंना मागच्या बाकावर घेतलं. "कराडला घे," ती म्हणाली, "आन खड्डे बघू नगंस." नवऱ्याचं डोकं तिनं खांद्यावर धरलं होतं. वाटेत कारखान्याचं गेट लागलं. नानासोंनी डोळे उघडले, बाहेर काट्यावर उभा ट्रॅक्टर बघितला, काहीतरी पुटपुटले. तिनं कान नेला तोंडाजवळ, पण कळलं नाही. हायवेला लागायच्या आत तिच्या खांद्यावरचं ओझं एकदम जड झालं. बिरदेवनं गाडी बाजूला घेतली.

ती रडलीही नव्हती अजून. मोबाइल वाजला.

"नमस्कार, आजी, कीर्ती बोलतेय. आज बाबांचं वजन आलेलं नाही आमच्याकडे. त्यांना जरा काट्यावर उभं राहायला सांगता का?"

साळूबाईनं मोबाइल कानाला धरून समोरच्या उसाकडं बघितलं. मग स्पष्ट आवाजात, लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा आणि शेवटचं, नवऱ्याचं नाव घेतलं.

"नानासो गेलं," ती म्हणाली.

जयराज आला. दोन तासांत आला, जसा काटा लाल झाल्यावर पहिल्यांदा आला होता. खूप रडला. खोटं कशाला बोला, पोरगं मनापासून रडलं, बापाच्या पायाला मिठी मारून. त्याच सुजलेल्या पायाला. पण माणसं भेटायला यायला लागली तसं तो प्रत्येकाला एकच सांगायला लागला, "आदल्या दिवसापर्यंत सगळं नॉर्मल होतं. रोजचा आकडा हाय माझ्याकडं. अचानक झटका आला, कुणाच्या हातात न्हाई." लोक माना डोलवायचे. म्हणायचे, तू तरी काय करणार गड्या, एवढं यंत्र आणून दिलंस बापाला.

साळूबाई कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी ठोके द्यायला लागलं. तांब्या-दोन तांब्या पाणी साठलं होतं माणसाच्या अंगात. चार माणसांनी उचलताना हात भरून आले. आणि काट्याला ते दिसलं नाही? काटेवाल्याच्या संसारात ती उगाच म्हातारी झाली नव्हती. शंका आली की काय करायचं, तिला पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी सावडून आले, भावकी चहा पिऊन पांगली. जयराज माजघरात वाकून ती काच उचलायला लागला.

"कुटं न्हेतोस?"

"ऑफिसला जमा करायचंय, आई. बंद करायला लागतंय."

"ठेव खाली. तूच उभा ऱ्हा तिच्यावर."

"आता? कशाला?"

"उभा ऱ्हा म्हणती न्हवं!"

असा आवाज त्यानं आईचा कधी ऐकला नव्हता. तो चढला. साळूबाईनं त्याचा मोबाइल शिवांजलीच्या हातात दिला. "सूनबाई, ह्याचं वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर," शिवांजली म्हणाली. "रोज व्यायामशाळेत करतात ना."

"आन ह्यात किती आलंय, वाच."

शिवांजलीनं बघितलं. परत बघितलं. "शहात्तर दाखवतंय... असं कसं ओ?"

 जयराजचा चेहरा उतरला होता, आणि तो काचेवरून उतरायला बघत होता. "हलू नगंस," साळूबाई म्हणाली. ती आत गेली. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, ज्वारीच्या तळातनं माप काढलं, पदरानं पुसलं आणि आणून पोराच्या हातात दिलं.

"आता वाच."

"अठ्ठ्याहत्तर," शिवांजली हळू आवाजात म्हणाली.

 बाहेर म्हैस हंबरत होती, तिला आज कुणी पाणी दाखवलं नव्हतं.

"दोन किलो काढलंस," साळूबाई म्हणाली. "तितं बसून काढलंस, हात न लावता."

"आई, मशीन चुकीचं दाखवत होतं... रोज दोन किलो जास्त... मला वाटलं बिघाड हाय, म्हणून ऑफिसातनं तेवढं वजा करायला लावलं. मला काय माहीत..."

"बिघाड न्हवता. त्ये दोन किलो तुज्या हातात हाय. तुजा बाप ह्येच माप छातीला धरून उभा ऱ्हायचा."

जयराजनं मापाकडं बघितलं. "नाना? नाना असं का करतील?"

"तू यावास म्हणून."

तेवढं बोलली आणि तिचा आवाज फुटला. इतके दिवस न आलेलं रडू आलं, पण ती बोलायची थांबली नाही. "म्यां धरलं त्यास्नी. म्यां आण घातली, माप लपवलं आन तुला सांगितलं न्हाई. माजं पाप मी घिऊन जाईन. पर त्यांनी दोन किलो घातलं त्ये तुज्यासाठनं घातलं रं. तू कुणासाठनं काढलंस?"

तो काचेवर तसाच उभा. हातात माप, मान खाली.  शिवांजलीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल लालभडक झाला आणि जोरात वाजायला लागला. तिनं दचकून बोट लावलं. विश्रामबागेतल्या कीर्तीचा घाबराघुबरा आवाज माजघरात घुमला. "हॅलो, सर? सॉरी, सर, पण तुमच्या बाबांच्या काट्यावर आत्ता वजन आलंय... एकदम लाल! सर, काट्यावर कोण उभं आहे?"

साळूबाईनं मोबाइल सुनेकडून घेतला आणि पोराच्या तोंडाजवळ धरला.

"सांग तिला," ती म्हणाली. "कोण उभं हाय त्ये सांग."